पिछोल्याकाठची बाँडपटाची गच्ची

उदयपूरच्या जगदीश मंदिराकडून लाल घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत संध्याकाळी सहाच्या सुमारास चालत गेले, की दर चार-पाच घरांमागे एक फळा दिसतो आणि त्यावर थोड्याफार फरकाने एकच मजकूर असतो: आज सात वाजता गच्चीवर 'ऑक्टोपसी'. उद्याही तोच, परवाही तोच. 1983 साली प्रदर्शित झालेला हा जेम्स बाँडपट या गावातल्या उपाहारगृहांत कित्येक वर्षे असा रोज रात्री दाखवला जातो, कारण त्याचा मोठा भाग 1982 साली याच पिछोला तलावावर आणि याच गल्ल्यांत चित्रित झाला. अशाच एका गच्चीवर मी आणि माझा मामा गेल्या डिसेंबरात लागोपाठ दोन संध्याकाळी जेवलो, त्याविषयी हे लिहीत आहे. उपाहारगृहाचे नाव मुद्दामच देत नाही. दोन संध्याकाळींच्या अनुभवावर कोणाच्या धंद्याचा निकाल लावणे बरे नव्हे, आणि मी जे सांगणार आहे त्यातले बरेचसे त्या गल्लीतल्या इतर गच्च्यांनाही लागू पडावे.

आम्ही कोण, हे आधी सांगायला हवे, कारण या परीक्षणाला तीच पार्श्वभूमी आहे. मामा आता शहात्तर वर्षांचा आहे. दूरध्वनी खात्यात नोकरीला लागल्यापासून त्याने पाहिलेल्या प्रत्येक बाँडपटाची नोंद एका लांबट, निळ्या कापडी बांधणीच्या हिशेबाच्या वहीत आहे. तारीख, चित्रपटगृह, तिकिटाचा दर, सोबत कोण होते, असे चार रकाने आणि शेवटी शेऱ्यासाठी थोडी जागा. 1962 च्या 'डॉ. नो'पासून 2021 च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंतचे पंचवीसही चित्रपट त्या वहीत आहेत. त्यांतले जुने चित्रपट आपल्याकडे तेव्हा बरेच उशिरा येत असल्यामुळे नोंदींचा क्रम मात्र मागेपुढे झाला आहे. मी 'ऑक्टोपसी' पहिल्यांदा पाहिला तो 1986 साली, ठाण्याच्या आमच्या वाड्यात, एका रात्रीसाठी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. खोलीत वीस-बावीस माणसे होती आणि मामा पडद्याशेजारी उभा राहून इंग्रजी संवादांचा मराठीत सारांश सांगत होता. त्या नोंदीत चित्रपटगृहाच्या रकान्यात त्याने 'वाडा' असे लिहिले आहे. पुढे बाँड म्हणून शॉन कॉनरी श्रेष्ठ की रॉजर मूर, यावर आम्ही मामा-भाची वर्षानुवर्षे भांडलो. तो कॉनरीचा, मी मूरची. त्या भांडणाचा शेवट उदयपुरातही झाला नाही.

गच्ची चौथ्या मजल्यावर आहे आणि उद्वाहक नाही. जिना दगडी, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दिवा नव्हता. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हे लक्षात घेऊनच बेत करावा. मामाला वर पोहोचायला दहा मिनिटे लागली. पण मधल्या प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवलेली होती आणि वाढपी मुलगा पाण्याची बाटली घेऊन आमच्या मागोमाग चढत आला, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. वर साधारण पंधरा टेबले आहेत. पश्चिमेच्या कठड्याशी तीन टेबले, मधोमध बैठी गादीची बैठक आणि दक्षिणेच्या भिंतीवर पांढरा पडदा. पाहुणे आपोआप कठड्याशी बसायला धावतात, पण तिथून पडद्याकडे मान वळवून पाहावे लागते. खरी जागा आहे ती ईशान्येच्या कोपऱ्यातल्या दोन माणसांच्या टेबलाची. तिथे बसले की समोर पडदा असतो आणि त्याच्या उजव्या कडेला लागूनच पाण्यावर तरंगल्यासारखा दिसणारा लेक पॅलेस. मान जराशी उजवीकडे वळवली की दूरच्या डोंगरावर उदयपूरचा सज्जनगड, म्हणजे चित्रपटातला मॉन्सून पॅलेस. चित्रपटातला महाल आणि तलावातला महाल एकाच नजरेत मावतात, असे ते एकच टेबल आहे. फोन करून तेच मागून घ्यावे.

चित्रपटाची प्रत हा या जागेचा सर्वांत मोठा दोष. 'ऑक्टोपसी' रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला आहे. चौकटीच्या रुंदीचा उपयोग करून घेणे ही या मालिकेच्या छायाचित्रणाची जुनी सवय आहे. इथे दाखवतात ती प्रत मात्र दोन्ही कडांना कापलेली, जुन्या दूरचित्रवाणीच्या मापाची आहे. त्यामुळे काय होते, याचे एकच उदाहरण देते. खलनायक कमाल खान आणि बाँड बॅकगॅमन हा फाशांचा खेळ खेळत असतात त्या प्रसंगात, कमाल खानाच्या मागे कबीर बेदींचा गोबिंदा उभा असतो. फेट्यातला तो धिप्पाड माणूस काहीही न बोलता केवळ उभे राहून साऱ्या प्रसंगावर सावली धरतो. कापलेल्या चौकटीत त्याचा कधी अर्धा खांदा उरतो, कधी तोही जातो. ज्याने हा चित्रपट नीट पाहिला आहे त्याला ही उणीव फार टोचते. आवाजही मंद ठेवतात, कारण गल्लीत लोक राहतात. ते योग्यच आहे, परंतु जॉन बॅरी यांचे संगीत त्यात हरवते. पुनर्संस्करण केलेली चांगली प्रत आज सहज मिळते. मालकांनी तेवढा खर्च करावा, अशी मी त्यांना विनंती केली आणि त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

इतके असूनही मी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टेबलावर का बसले, ते आता सांगते.

चित्रपटात बाँड भारतात येतो तो हेलिकॉप्टरने, ताजमहालावरून. आणि पुढच्याच क्षणी तो पिछोल्यात नावेत असतो. आग्रा आणि उदयपूर यांच्यात सहाशेहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. ठाण्याच्या वाड्यात कोणाला ते खटकले नव्हते, कारण आमच्यापैकी कोणीही दोन्ही गावे पाहिली नव्हती. गच्चीवर मात्र त्या नावेचे दृश्य आले तेव्हा शेजारच्या टेबलावरचे एक राजस्थानी कुटुंब मोठ्याने घाटांची नावे घेऊ लागले. पडद्यावर जो घाट दिसत होता तो आमच्या पायांखाली, तीन गल्ल्या सोडून होता. लेक पॅलेस, म्हणजे जगनिवास, अठराव्या शतकात महाराणा दुसरे जगतसिंह यांनी बांधला आणि 1963 साली त्याचे हॉटेल झाले. चित्रपटात तो ऑक्टोपसी या नायिकेच्या बेटावरचा राजवाडा होतो, जिथे बाँड मगरीच्या आकाराच्या पाणबुडीतून शिरतो. ती मगर पडद्यावर पाणी कापत निघाली त्याच वेळी खऱ्या तलावात एक नाव दिवे लावून त्याच महालाकडे चालली होती. मामाने माझ्या हातावर हात ठेवला आणि तो काही बोलला नाही. चाळीस वर्षे मनात असलेली एखादी जागा आणि डोळ्यांसमोरची जागा एकमेकींवर अशी बसताना पाहायला मिळणे, हीच या उपाहारगृहाची खरी सेवा आहे, आणि तिचे मोल जेवणाच्या बिलात धरलेले नाही.

रिक्षांच्या पाठलागाचा प्रसंग सुरू होण्याआधी वाढपी मुलाने सर्व टेबलांवर पाणी भरले, रोट्या ठेवल्या आणि तो स्वतः जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. या प्रसंगात वाढायचे नाही, असा त्यांचा नियम असल्याचे त्याने नंतर सांगितले. विजय अमृतराज रिक्षा चालवत असतात आणि रॅकेटने गुंडांना झोडपत असतात, तेव्हा बघ्यांच्या माना टेनिसच्या सामन्यासारख्या डावी-उजवीकडे वळतात. 1973 आणि 1981 साली विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलेल्या खेळाडूचा तो मान राखलेला आहे. पाठलागाचा काही भाग लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत उभारलेल्या बाजारात झाला, हे जाणकारांना ठाऊक असते. खरे उदयपूर कुठे संपते आणि पाइनवुड कुठे सुरू होते, ते ओळखण्याचा खेळ मी आणि मामा पूर्वीपासून खेळत आलो आहोत. परंतु त्या मुलाने आम्हांला जे दाखवले ते आमच्या दोघांच्याही नजरेतून इतकी वर्षे सुटले होते. "हुकुम, अब साइकिल देखना," असे तो म्हणाला. दोन रिक्षा शेजारी शेजारी धावत आहेत, माणसे एकमेकांशी झुंजत आहेत, आणि त्यांच्या अगदी मधून एक सायकलस्वार शांतपणे पलीकडे निघून जातो. चित्रीकरण चालू आहे याचा पत्ता नसलेला तो एक खराखुरा वाटसरू होता, आणि दिग्दर्शक जॉन ग्लेन यांनी ते दृश्य तसेच चित्रपटात राहू दिले. मामाने ते पुन्हा दाखवायची विनंती केली. मुलाने चित्रपट मागे नेला आणि सारी गच्ची दुसऱ्यांदा तो सायकलस्वार पाहू लागली. पडद्यावर जेमतेम क्षणभर दिसणारा तो माणूस त्या दिवशी कोणाकडे निघाला असेल, घरी जाऊन त्याने काय सांगितले असेल, याचा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

या चित्रपटाचे आपल्याशी नाते सरळ नाही, हेही मला सांगितलेच पाहिजे. जुगारात जिंकलेल्या नोटांचे पुडके बाँड आपल्या भारतीय सहकाऱ्याच्या हाती देतो आणि त्यातून काही आठवड्यांच्या कढीची सोय होईल, अशा अर्थाचे बोलतो. गच्चीवर त्या वाक्याला कोणी हसले नाही. विस्तवावरून चालणारे, खिळ्यांच्या शय्येवर झोपणारे, तलवारी गिळणारे असे लोक एकाच रस्त्यावर गोळा करून त्याला भारत म्हणणे, ही त्या काळच्या परदेशी चित्रपटांची रीत होती आणि 'ऑक्टोपसी' तिला अपवाद नाही. जेवणाच्या मेजवानीत कमाल खान मेंढ्याच्या मुंडक्यातला डोळा काढून खातो, तेव्हा माझ्यासमोर गट्ट्याची भाजी होती आणि मला खरोखर राग आला. या मालिकेवर जीव असणाऱ्या माणसाने हे झाकून ठेवू नये, असे माझे मत आहे. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याच्या चुका आपल्याला इतरांपेक्षा अधिक स्पष्ट दिसायला हव्यात. आणि त्याच चित्रपटात गोबिंदा आहे. खेळात हरल्यावर हॉटेलच्या पायऱ्यांवर तो मुठीत फासे घेतो, मूठ आवळतो आणि उघडतो तेव्हा तळहातावर चुरा असतो. कबीर बेदी तेव्हा 'सांदोकान' या मालिकेमुळे इटलीत घरोघरी पोहोचलेले होते. त्यांनी या भूमिकेत एकही अनावश्यक हालचाल केलेली नाही. शेवटी उडत्या विमानाच्या पाठीवर चढून बाँडला पकडण्याचा हुकूम होतो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जी शंका उमटते, ती मला या साऱ्या चित्रपटातली सर्वांत माणूसपणाची गोष्ट वाटते. बाँडचा साथीदार विजय, म्हणजे अमृतराज यांचे पात्र, त्याचा मृत्यूही असाच. तलावाकाठी पहारा देत असलेल्या त्या हसऱ्या माणसाला मारेकरी गाठतात आणि बाँडला ते नंतर कळते. ज्या काठावर ते घडते तो काठ अंधारात समोर असताना ते पाहणे जड गेले.

जेवणाविषयी थोडक्यात. दाल-बाटी-चुरमा उत्तम होते. बाटी निखाऱ्यावर भाजलेली, तुपात बुडवून आणलेली, आणि फोडल्यावर आतून वाफ येणारी होती. लाल मांस मामाने मागवले आणि त्याला ते तिखट असूनही आवडले. केर-सांगरी पहिल्या दिवशी खारट झाली होती, दुसऱ्या दिवशी नेमकी होती. पाश्चात्त्य पदार्थांच्या वाटेला जाऊ नये. चहा उत्कृष्ट. घोंगड्या मागितल्या की देतात, आणि डिसेंबरात त्या मागाव्याच लागतात.

सेवेविषयी एक तक्रार मात्र आहे आणि ती या मालिकेच्या रसिकांसाठी महत्त्वाची आहे. चित्रपटाचा दुसरा भाग भारत सोडून जर्मनीत जातो: सर्कस, आगगाडी, अमेरिकी हवाई तळावर लपवलेला अणुबाँब आणि विदूषकाच्या वेषातला बाँड. माझ्या मते रॉजर मूर यांचा सर्वांत चांगला अभिनय याच भागात आहे, कारण विदूषकाच्या रंगलेल्या चेहऱ्याने तो माणूस सगळ्यांना खरे सांगत असतो आणि कोणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. गच्चीवर मात्र पडद्यावरून उदयपूर गेले की टेबले रिकामी होऊ लागतात. पहिल्या रात्री सव्वाआठच्या सुमारास आम्ही दोघेच उरलो आणि कोणालाही न विचारता चित्रपट बंद करण्यात आला. पडदा पांढरा झाला तेव्हा मामा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. आम्ही सांगितल्यावर मुलाने तो पुन्हा सुरू केला, पण पंधरा मिनिटे पुढच्या ठिकाणापासून. आगगाडीचा सारा प्रसंग त्यात गेला. मला हे अतिशय वाईट वाटले. रोज तोच चित्रपट दाखवणाऱ्या माणसाला त्याचा कंटाळा यावा, हे मी समजू शकते, परंतु फळ्यावर नाव लिहून बोलावलेल्या पाहुण्याला शेवटपर्यंत चित्रपट दाखवणे हे कर्तव्यच आहे. मी मालकांशी बोलले. ते म्हणाले, "दीदी, कोई रुकता ही नहीं." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शब्द दिला आणि तो पाळला.

त्या दुसऱ्या दिवसाची दुपार आम्ही सज्जनगडावर घालवली, आणि जो कोणी या गच्चीवर येणार असेल त्याने हा क्रम पाळावा, असे मी आग्रहाने सांगेन: आधी गड, मग चित्रपट. शहराच्या पश्चिमेला पाचेक किलोमीटरवर अभयारण्याचे दार लागते, तिथून वाहनाने वळणावळणाच्या रस्त्याने वर जाता येते. महाराणा सज्जनसिंह यांनी 1884 साली हा महाल बांधायला घेतला. आकाशाचे आणि पावसाळी ढगांचे निरीक्षण करता यावे, असा त्यांचा विचार होता. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि पुढचे काम महाराणा फतेहसिंह यांनी साध्या स्वरूपात पुरे केले. चित्रपटात हे कमाल खानाचे निवासस्थान, मॉन्सून पॅलेस. आत पाहण्यासारखे फारसे नाही. संगमरवरी खांब, रिकामी दालने, वारा आणि वटवाघळांचा वास. चित्रपटातल्या आतल्या खोल्या इथल्या नव्हेतच. परंतु बाहेरच्या सज्जावर उभे राहिले की खाली सारा पिछोला दिसतो, त्यात जगनिवास पांढऱ्या ठिपक्याएवढा, आणि मग कळते की चित्रपटातल्या दोन शत्रूंची घरे एकमेकांना रोज दिसत होती. पडद्यावर तुकड्यातुकड्याने पाहताना हे कधीच लक्षात आले नव्हते. मामा कठड्याला टेकून बराच वेळ उभा होता. "अगं, फुगा इथून यायला हवा," असे तो म्हणाला आणि पूर्वेकडे बोट दाखवले.

संध्याकाळी आम्ही तेच कोपऱ्यातले टेबल घेतले. जर्मनीचा भाग आला, माणसे उठली, दिवे मंद झाले आणि मालक स्वतः येऊन मागच्या गादीवर बसले. आगगाडी पूर्ण धावली. बाँब निकामी झाला. मग चित्रपट उदयपुरात परतला. ऑक्टोपसीच्या सर्कशीतल्या मुली मॉन्सून पॅलेसच्या तटावर चढू लागल्या आणि युनियन जॅक रंगवलेल्या फुग्यातून बाँड आणि क्यू महालावर उतरू लागले. डेस्मंड लेवेलिन यांनी या मालिकेत सतरा वेळा क्यूची भूमिका केली. बाँडला सामान देऊन मागे राहणारा हा म्हातारा इथे स्वतः लढाईत उतरतो आणि मामाला तो प्रसंग नेहमीच आवडतो. त्या क्षणी पडद्यापासून उजवीकडे, काळ्या डोंगराच्या माथ्यावर, खऱ्या सज्जनगडाचे पिवळे दिवे लागलेले होते. मालकांनी आमच्याकडे पाहिले, मग डोंगराकडे पाहिले. चित्रपट संपेपर्यंत ते तिथेच बसून राहिले.

बिल आले तेव्हा त्यात चित्रपटाचा वेगळा आकार नव्हता. मामाने पिशवीतून ती निळी वही काढली, चष्मा बदलला आणि 'ऑक्टोपसी'च्या जुन्या नोंदीखाली नवी ओळ आखली. तारीख लिहिली, सोबत कोण त्या रकान्यात माझे नाव लिहिले, दराच्या रकान्यात जेवणाचा आकडा घातला. चित्रपटगृहाच्या रकान्यापाशी तो थांबला आणि त्याने वाढप्याला बोलावून गच्चीवर नेमकी किती माणसे बसतात ते विचारले. मुलाने खुर्च्या मोजल्या आणि पन्नास सांगितले. मामाने रकान्यात लिहिले: 'पिछोला, आसने 50.' शेऱ्याच्या जागेत, सायकलस्वार.